आधी प्रेशर मोजा, मग रेग्युलेटर बदला

महोदय,

रिटर्न लाइन (जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी) असलेली जुनी पेट्रोल इंजेक्शन पिकअप काळा धूर सोडू लागली, पेट्रोल जास्त खाऊ लागली की सरसकट पंप नाहीतर इंजेक्टर बदलले जातात. फ्यूएल रेलवरच्या (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवरच्या) प्रेशर रेग्युलेटरकडे, म्हणजे पेट्रोलचा दाब ठरावीक ठेवणाऱ्या भागाकडे, लक्ष जाते ते सगळे बदलून झाल्यावर. हा क्रम उलटा व्हायला हवा.

या रेग्युलेटरमध्ये रबरी डायफ्रॅम, म्हणजे पातळ पडदा, असतो. एका बाजूला पेट्रोल, दुसऱ्या बाजूला स्प्रिंग आणि इंजिनचा व्हॅक्यूम. डायफ्रॅम फाटला की व्हॅक्यूमच्या बारीक नळीतून पेट्रोल थेट इंजिनात ओढले जाते. म्हणून पहिली तपासणी फुकटची आहे: ती नळी काढून पाहा. आत पेट्रोल ओले दिसले किंवा वास आला, तर रेग्युलेटर गेला.

नळी कोरडी असेल तर रेलवर प्रेशर गेज (दाब मोजायचे यंत्र) लावा. 3 बारच्या रेग्युलेटरवर आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) साधारण अडीच बार दिसते आणि नळी काढून तिचे तोंड बंद केल्यावर काटा 3 बारच्या आसपास चढतो. थ्रॉटल बॉडीवर (इंजिनात हवा सोडणाऱ्या भागावर) इंजेक्टर असलेल्या गाड्यांत प्रेशर बरेच कमी, 1 बारच्या आगेमागे असते, त्यामुळे आपल्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमध्येच पाहावा. प्रेशर जास्त असेल तर नवा रेग्युलेटर आणण्याआधी टाकीकडे जाणारी रिटर्न लाइन तुंबली आहे का, हे बघा. इंजिन बंद करताच काटा पडत असेल, तर दोष रेग्युलेटरचा असेल, पंपाच्या चेक व्हॉल्व्हचा (पेट्रोल मागे जाऊ न देणाऱ्या झडपेचा) किंवा गळक्या इंजेक्टरचाही असेल.

बदलण्याचे काम इंजिन थंड असताना, मोकळ्या हवेत आणि अग्निशामक जवळ ठेवूनच करावे. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मग बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. तरीही रेलमध्ये थोडे पेट्रोल उरतेच. जोड सैल करताना त्यावर कापड धरा. व्हॅक्यूम नळी, रिटर्न लाइन, मग दोन बोल्ट किंवा सर्क्लिप (अडकवलेली स्प्रिंगची कडी), एवढेच काढायचे असते.

घोटाळा होतो तो इथे. रेग्युलेटरची जुनी ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) पुष्कळदा रेलच्या भोकातच चिकटून राहते. तिच्यावर नवी बसवली की रेग्युलेटर तिरका बसतो आणि इंजिनच्या गरम मॅनिफोल्डवर (हवा किंवा धूर वाहणाऱ्या नळ्यांवर) पेट्रोल गळते; त्यातून आग लागू शकते. भोक पुसून, टॉर्चने आत पाहून खात्री करा. नवी ओ-रिंग पेट्रोलला टिकणाऱ्या रबराचीच हवी. तिला स्वच्छ इंजिन ऑइलचा हात लावा, सीलंट अजिबात नको. बोल्ट लहान असतात, जोर लावला तर आटे जातात. कडक झालेली व्हॅक्यूम नळीही त्याच वेळी बदला.

फ्यूज आणि बॅटरीची तार परत जोडा आणि इंजिन सुरू करण्याआधी चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ करा. प्रत्येक वेळी पंप दोनेक सेकंद चालून रेल भरतो. जोड हाताने चाचपून कोरडे असल्याची खात्री करा. पेट्रोल आत गेले असेल तर इंजिन ऑइलही बदलावेच लागते, कारण पातळ झालेले ऑइल बेअरिंग खाते. हा खर्च टाळू नये.

गॅरेजवाल्यांना आग्रहाची विनंती: बिलावर कामाआधीचे आणि नंतरचे प्रेशर लिहून द्या. ग्राहकांनीही ते मागावे.

– एक वाहनदुरुस्ती कारागीर