जामीनदार बाईंना

आदरणीय बाई,

सप्रेम सलाम.

समोर बसून आभार मानायला लागलं की तुम्ही चहाचं आधण ठेवायला उठता, म्हणून हे उघडं पत्र. शिवाय आमची बेअब्रू चारचौघांत झाली. मग आभार तेवढे कानात का सांगायचे? तुमचं नाव मात्र लिहीत नाही. नगरच्या ख्रिस्ती मंडळीत ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

यांना अटक झाली ती गुरुवारी. पतसंस्थेत 22 वर्षं कॅशियर असलेला माणूस, दोन पोलिसांच्या मध्ये बसून जीपमधून गेला. रविवारी देवळात जायचं की नाही यावर आम्हा मायलेकींचं रात्रभर चाललं होतं. शेवटी गेलो. ‘ज्ञानोदय’ 1842 साली आपल्या नगरातूनच निघालं म्हणतात. पण त्या आठवड्यात गावाला वर्तमानपत्राची गरजच नव्हती, देवळाच्या पायऱ्यांवर सगळं छापून तयार होतं.

मागून तिसरा बाक. आठ जणांचा, आणि त्यावर आम्ही तिघी. पुढचा बाक गच्च, मागचा गच्च. पहिल्या गीताला मंडळी उभी राहिली आणि तुम्ही पहिल्या रांगेतली तुमची जागा सोडलीत. ती जागा तुमचीच, लहान मुलंसुद्धा तिथे बसत नाहीत. काठी टेकत मधल्या वाटेने तुम्ही मागे यायला लागलात. पेटीवाल्याचाही सूर जरा चुकला. खाकी कव्हराचं ‘उपासना संगीत’ माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, “चष्मा विसरले गं. तू वाच, मी म्हणते.”

बाई, चष्मा तुमच्या नाकावर होता.

जामीन मंजूर होणं वेगळं आणि जामीनदार मिळणं वेगळं, हे मला नंतर कळलं. वकील म्हणाले, 50,000 रुपयांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार आणा. माझा सख्खा भाऊ “घरात विचारून सांगतो” म्हणाला, त्यानंतर त्याचा फोन लागेना. दिरांचा उतारा म्हणे बँकेत अडकलेला. मंडळीतल्या एका वडीलजनांनी तर मला बायबलातल्या नीतिसूत्रांचा सहावा अध्यायच काढून दाखवला: शेजाऱ्याला जामीन राहिलास तर आपल्याच शब्दांनी फसलास. त्यांना दोष देत नाही. अकराव्या आणि सतराव्या अध्यायातही तेच सांगितलंय.

मी रडत तुमच्याकडे आले, तेव्हा तुम्ही लसूण सोलत होता. म्हणालात, “नीतिसूत्रं लिहिणारा शलमोन शहाणाच होता. पण उत्पत्तीचा त्रेचाळिसावा अध्याय काढ. धाकट्या भावाला, बन्यामिनाला, मिसरात न्यायचं म्हणून यहूदा बापाला काय सांगतो? मी त्याला जामीन, माझ्याकडून मागून घ्या. आणि हा कोण, तर ज्याने आपल्याच भावाला, योसेफाला, विकायची युक्ती सुचवली तोच! इब्रीकरांस पत्रात तर येशूलाच जामीन म्हटलंय.” मग लसणाची टरफलं पदरातून झटकलीत आणि कपाट उघडलंत. सिटी सर्व्हेचा उतारा, घरपट्टीची पावती, आधार, रेशनकार्ड, दोन फोटो. सगळं एका पिशवीत आधीच घालून ठेवलेलं होतं. मी विचारायच्या आधी.

कोर्टाच्या व्हरांड्यात साडेदहापासून साडेचारपर्यंत बसलात, तेही गुडघ्याचं दुखणं घेऊन. आत कारकुनाने विचारलं, आरोपीला कधीपासून ओळखता? “रविवारच्या शाळेत माझ्या वर्गात होता. दहा आज्ञा माझ्याकडेच पाठ केल्यात. आठवी विचारून बघा, चोरी करू नको.” कारकून हसला नाही. वकील हसले.

पण तुमचे खरे आभार वेगळ्याच गोष्टीसाठी मानायचेत. हे सुटून घरी आले त्या रात्री मला वाटलं, तुम्ही प्रार्थना कराल, धीर द्याल. प्रार्थना केलीत, पण नंतर. आधी यांना समोर बसवलंत. “तू पैसे खाल्ले नाहीस, माझा विश्वास आहे. पण साहेब म्हणाले म्हणून व्हाउचर न वाचता सह्या केल्यास, ही चूक तुझी आहे की नाही?” हे गप्प. “मग तेवढी तरी लोकांसमोर म्हण. लोकांचे पैसे गेलेत.” मला तेव्हा तुमचा राग आला होता, आज सांगते. बुधवारच्या प्रार्थनासभेत हे उभे राहिले आणि म्हणाले. एक बाई उठून निघून गेल्या. त्यांच्या मुलीच्या लग्नाचे पैसे त्याच संस्थेत होते. त्यांनी बसून ऐकून घ्यावं असं मी कोणत्या तोंडाने म्हणणार? तुम्ही त्यांच्या मागे बाहेर गेलात. आमच्याकडे नाही, त्यांच्याकडे. त्यांच्या पायरीवर किती वेळ बसला होता ते मला दुसऱ्याच कुणी सांगितलं.

आणि मग पाच महिन्यांनी ठेवीदारांची यादी लागली. मी भीत भीत ओळखीची नावं शोधत होते. सत्तेचाळिसाव्या ओळीत तुमचं नाव. 80,000 रुपये. पेन्शनीतून साठवलेले असणार. देवळात आमच्या बाकावर आलात तेव्हाही ते गेलेले होते, कोर्टात सही केलीत तेव्हाही. मी विचारलं तर म्हणालात, “ते आणि हे वेगळं,” आणि आधण ठेवायला उठलात.

पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात अनेसिफर नावाचा एक माणूस आहे. बायबलात त्याचं नाव दोनदाच येतं. रोममध्ये त्याने कैदेतल्या पौलाला शोध शोध शोधलं, त्याच्या बेड्यांची लाज धरली नाही. भेटल्यावर तो काय बोलला, हे पौलाने लिहिलेलं नाही. तुम्ही मुलाखतीच्या जाळीपलीकडून यांना काय म्हणालात ते मात्र मला ठाऊक आहे: “दाढी कर. पुढच्या वेळी मुली येणार आहेत.”

त्या नाताळात आमच्याकडे फराळाची दोनच ताटं आली. तुम्ही ताट पाठवलं नाहीत. मैदा, सारण, लाटणं घेऊन स्वतःच आलात आणि माझ्या ओट्यावर करंज्या केल्यात. अर्ध्या तळताना फुटल्या, कारण धाकटीने कडा दाबल्या होत्या. फुटलेल्या तुम्ही खाल्ल्यात.

केस अजून चालू आहे. यांनी दुकानांचे हिशेब लिहायला घेतलेत. प्रत्येक कागद दोनदा वाचतात, गिऱ्हाइकं कंटाळतात. तुमच्या ठेवीपोटी दर महिन्याला थोडे पैसे द्यायचं यांनी ठरवलंय. तुम्ही पाकीट परत पाठवलंत, म्हणून आता ते तुमच्या नावाने दानार्पणाच्या पेटीत टाकतो. हेही सांगायचं राहिलं होतं.

पुढची तारीख मंगळवारी आहे. तुम्ही येणारच, नको म्हणून उपयोग नाही. पण रिक्षा मी सांगून ठेवलीय, दहाला दाराशी येईल. चालत निघू नका. डबा आणू नका, या वेळी डबा माझा.

तुमची,
मागून तिसऱ्या बाकावरची