जुना रिपोर्ट पुरेसा नाही

स्तनाचा कर्करोग यकृतात पसरल्यावरच्या उपचारांविषयीचा रविवारच्या पुरवणीतील लेख वाचला. लेख चांगला आहे, पण यकृतातील गाठीच्या बायॉप्सीचा, म्हणजे तुकडा काढून केलेल्या तपासणीचा, उल्लेख राहून गेला. यकृतात वाढतात त्या पेशी स्तनातल्याच. मात्र त्या बदललेल्या असू शकतात. हार्मोन रिसेप्टर (हार्मोनला प्रतिसाद देणारी पेशीतील प्रथिने) आणि हर-टू (पेशींची वाढ घडवणारे प्रथिन) मूळ गाठीत होते तसेच इथे असतील असे नाही, आणि औषध ठरते ते त्यावरच. पसरलेल्या हर-टू पॉझिटिव्ह (हर-टू जास्त असलेल्या) रोगावरील ‘क्लिओपात्रा’ चाचणीत डोसेटॅक्सेल ही केमोथेरपी व हर-टूवर नेम धरणारे ट्रॅस्टुझुमॅब यांना त्याच प्रकारच्या पर्टुझुमॅबची जोड मिळालेल्यांपैकी ३७ टक्के रुग्ण ८ वर्षांनी हयात होते. जोड न मिळालेल्यांत २३ टक्के.

माझ्या बहिणीच्या वेळी आम्ही सहा वर्षांपूर्वीचा रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून दवाखाने पालथे घालत होतो. ‘सुई लावली की रोग पसरतो’ ही भीती घरात सगळ्यांनाच, मलासुद्धा. अखेर सोनोग्राफीत पाहून सुईने तुकडा काढला. हर-टू निगेटिव्हचे पॉझिटिव्ह निघाले आणि औषधच बदलले. पुढील लेखात या तपासणीबद्दल जरूर लिहावे.

– एक वाचक, सातारा