बशीतल्या पेशी आणि आत्याची बाटली

मा. संपादक,
स.न.वि.वि.

'लक्ष्मणफळ केमोपेक्षा दहा हजार पट गुणकारी' हे वाक्य मोबाइलवर फिरून फिरून झिजले. आता ते छापूनही येऊ लागले आहे. खानापुरात माझे औषधाचे दुकान आहे. अधूनमधून कोणीतरी डॉक्टरांची चिठ्ठी काउंटरवर ठेवतो आणि आवाज बारीक करून विचारतो, "त्या फळाची पावडर मिळंल काय हो?"

अडचण ही की तो आकडा हवेतला नाही. १९९६ च्या एका शोधनिबंधातला आहे. लक्ष्मणफळाच्या बियांतून वेगळा काढलेला एक शुद्ध घटक मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या पेशींवर, प्रयोगशाळेतल्या बशीत, अ‍ॅड्रियामायसिन या केमोच्या औषधाशी ताडून पाहिला होता. बशीला पोट नसते, यकृत नसते. शिवाय हे घटक पेशीची ऊर्जा तयार होण्याचे कामच अडवतात, आणि ते काम निरोगी पेशीतही चालते. कॅरिबियनमधल्या ग्वादेलूप बेटावर हे फळ आणि त्याच्या पानांचा काढा नेहमी घेणाऱ्यांत पार्किन्सनसारखा विकार दिसल्याचे १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने छापले. ते मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही.

गेल्या वर्षी माझ्या आत्याचे केमो चालू होते. तिसऱ्या खेपेला ती गेलीच नाही. "डॉक्टरांनीच पुढच्या आठवड्यात या म्हटलंय," असे घरात सांगितले. मग फ्रिजमध्ये, ताकाच्या भांड्यामागे, काळपट काढ्याची कोल्ड्रिंकची बाटली सापडली. रागवायचे कुणावर? तोंडाची चव गेलेली, केस गेलेले. अशा वेळी सुईपेक्षा फळ आपले वाटते.

फळांवर संशोधन होऊ नये, असे मुळीच नाही. जांबोटी-कणकुंबीकडे उन्हाळ्यात अंगणात सुकणाऱ्या रातांब्याच्या सालीत गार्सिनॉल असते, मँगोस्टीनच्या सालीत मँगोस्टिन. दोन्हींचा कॅन्सरच्या पेशींवर अभ्यास झाला आहे. म्हणून सोलकढी औषध ठरत नाही. नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी आणि त्यांचे सहकारी मन्रो वॉल यांनी एका झाडाच्या सालीतल्या टॅक्सॉल या कॅन्सरवरच्या घटकाची रचना १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. अमेरिकेत औषध म्हणून त्याला मान्यता मिळाली १९९२ मध्ये. मधली एकवीस वर्षे मथळ्यात मावत नाहीत, हे मलाही कळते.

तेव्हा एकच मागणे. अशी बातमी छापताना 'पेशींवर', 'उंदरांवर' की 'माणसांवर' एवढा एक शब्द मथळ्यातच घालावा. मोबाइलवरचे माणूस विसरून जाते, पेपरातले कापून ठेवते. आत्याच्या पर्समध्ये, रेशनकार्डाच्या घडीत, असेच एक कात्रण निघाले. कोणत्या पेपराचे ते कळले नाही. वरचा भाग कापलेला होता.

आपला,
एक औषध दुकानदार,
खानापूर, जि. बेळगाव