स्पॅनिशचं कोष्टक आणि आपला संकेतार्थ

मा. संपादक, स.न.

१ जूनपासून मासेमारी बंद, होडी वर ओढलेली, त्यामुळे भाऊ घरात आणि त्याची मुलगी पण घरात, ती ऑनलाइन स्पॅनिश शिकते. परवा रडकुंडीला आली. क्लासात क्रियापदाच्या 'इम्परफेक्ट सब्जंक्टिव्ह' नावाच्या रूपाची कोष्टकं पाठ करायला दिलेली आणि अर्थ सांगितला इंग्रजीतून, 'इफ आय फिश्ड'. आता इंग्रजीत काल मासे पकडले तरी फिश्ड आणि पकडले असते तर पण फिश्डच, पोरीने समजायचं काय?

मी जन्मभर मराठी शिकवलं. तिला म्हटलं, अगो, क्रियापदाचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ शाळेत घोकलेस ना, ह्यात शेवटचे दोन एकत्र आलेत. 'बाबांनी मासे पकडावेत असं वाटत होतं' आणि 'बाबांनी मासे पकडले असते तर', दोन्हीकडे स्पॅनिशमध्ये एकच रूप, पेस्कारा.

मग करायचं कसं तर सोप्पं आहे. पेस्कार म्हणजे मासे पकडणे. 'त्यांनी पकडले' हे पेस्कारोन, त्यातलं रोन काढा आणि मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते ह्यांना ओळीने रा, रास, रा, रामोस, राइस, रान लावा, झालं. पेस्कारा, पेस्कारास, पेस्कारामोस वगैरे. (लॅटिन अमेरिकेत राइसवालं रूप वापरतच नाहीत, म्हणजे तेवढं पाठांतर कमी!) कोमेर म्हणजे खाणे, त्याचं कोमिएरोनवरून कोमिएरा. रा-च्या जागी से लावून पेस्कासे असंही होतं, पण बोलताना जास्त करून रा-च ऐकू येतं. जोर मात्र 'का'वर द्यायचा, शेवटच्या 'रा'वर दिलात तर 'तो पकडेल' असा भविष्यकाळ होतो, मग सगळंच पाण्यात.

आपली पोरं अडखळतात ती दुसरीकडेच, आणि हे कुणी सांगत नाही. आपण 'बंदी नसती तर गेलो असतो' म्हणतो, दोन्हीकडे असतं-नसतं. स्पॅनिशमध्ये 'जर'च्या बाजूला पेस्कारा आणि 'तर'च्या बाजूला वेगळंच, पेस्कारिया. मराठीच्या सवयीने दोन्हीकडे एकच रूप ठोकलं की गडबड. शिवाय आपल्या 'गेलो असतो'त आजचं आणि कालचं दोन्ही मावतं, त्यांना कालच्यासाठी उबिएरा पेस्कादो असं लांबलचक लागतं.

एक गंमत तर मलाच आवडली. हॉटेलात नम्रपणे मागायचं तर ते किसिएरा म्हणतात, केरेर म्हणजे हवं असणे, त्याचं हेच रूप. आपण काय म्हणतो, 'जरा एक चहा हवा होता'. चहा आत्ता हवाय पण बोलतो 'होता'! पोरीला हे एका मिनिटात कळलं, कोष्टकाने आठ दिवसांत कळलं नव्हतं.

तुमच्या पुरवणीत परकी भाषा शिकवणारं सदर चालू करणार असाल तर ते इंग्रजीवरून न घेता थेट मराठीवरून लिहून घ्या, एवढीच विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, वेंगुर्ला