कावासाकी निधीसाठी आवाहन (लहान मुलांच्या या आजाराच्या औषधासाठी)

समस्त सभासद, वर्गणीदार व हितचिंतक,
स. न. वि. वि.

आपल्या मंडळाची रुग्णसाहाय्य समिती कोणाला नव्याने सांगायला नको. पहिली चाकांची खुर्ची गल्लीतल्या निवृत्त मास्तरांनी पेन्शनच्या फरकातून घेऊन दिली, ती अजून फिरते आहे. भजनी मंडळाच्या ताई दर संकष्टीला आरतीचे ताट न मोजता आमच्या हाती ठेवतात. रिक्षास्टँडची पोरे रात्री-अपरात्री पेशंट नेतात आणि मीटर टाकत नाहीत. रक्तदात्यांचे तर ऋणच आहे. करोनातही शिबिर चुकले नाही. रक्तदात्यांचा या निधीशी संबंध आहे, म्हणून मुद्दाम लिहिले.

कावासाकी हा आजार मुख्यतः ५ वर्षांखालच्या मुलांना होतो. जपानचे बालरोगतज्ज्ञ तोमिसाकु कावासाकी यांनी १९६७ मध्ये ५० मुलांच्या नोंदींसह तो मांडला. यात कुंपणच शेत खाते. कशामुळे ते नक्की ठाऊक नाही, पण रोगप्रतिकारशक्ती बिथरते, पांढऱ्या पेशी धमनीच्या भिंतीत शिरतात, आतला लवचीक थर नासवतात आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीला फुगा येतो. अँटिबायोटिकने ताप हटत नाही. ५ दिवस ताप, चिपडे न येता लाल झालेले डोळे, फुटलेले ओठ, लालभडक जीभ, अंगावर पुरळ, सुजलेले हातपाय, कधी दंडावरची बीसीजीची खूणही लाल होते. सगळी लक्षणे एकदम दिसतीलच असे नाही, म्हणून डॉक्टरांना विचारायला लाजू नका.

उपचार न मिळाल्यास साधारण चारांतल्या एका मुलाच्या धमनीला इजा होते. पहिल्या १० दिवसांत इम्युनोग्लोब्युलिन (रक्तातली प्रतिपिंडे) शिरेतून दिले तर हे प्रमाण विसांत एकाच्या आसपास येते. हे औषध हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मापासून, म्हणजे रक्तातल्या पातळ भागापासून, बनते, त्यामुळे महाग. वजनाच्या किलोमागे २ ग्रॅम लागते, म्हणजे १० किलोच्या बाळाला ५ ग्रॅमच्या चार बाटल्या. काहींना दुसरा डोसही द्यावा लागतो.

हा आजार ओळखण्यातच त्या १० दिवसांतले निम्मे जातात. मग झोळी घेऊन फिरायला वेळ उरतो कुठे? म्हणून पैसा आधीच जमा हवा. गेल्या वर्षी ग्रुपवर विनंती केली तेव्हा हात जोडलेले इमोजी भरपूर आले. त्यांची पावती कशी फाडावी ते खजिनदारांना कळेना. रोषणाईच्या वर्गणीला मात्र कोणी घासाघीस केली नाही. असो.

रोख, चेक वा क्यूआर कोड (कार्यालयाच्या फळ्यावर), वेळ सायं. ७ ते ९, सोमवार बंद, पावती जागेवर, पैसे थेट औषध दुकानाला, बिलावर, हिशेब दर महिन्याला फळ्यावर. रक्कम कितीही चालेल.

आपला,
सचिव, रुग्णसाहाय्य समिती

ता. क. ही वर्गणी गणपतीच्या वर्गणीतून वळती करून मिळणार नाही. कृपया तसा आग्रह धरू नये.