‘मी पण येते गाडीत’ म्हणणाऱ्या मावशींना

आदरणीय मावशी,

सलाम.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही लगेच ‘मुलं कशी आहेत’ विचारता. म्हणून हे पत्र चारचौघांना वाचता येईल असं लिहिते आहे. त्या संध्याकाळी आमच्या अंगणात तुम्ही जे केलंत ते आपल्या चर्चच्या मंडळीतल्या प्रत्येक घराला कळायला हवं.

दादाने आख्खा हंगाम तासगावकडच्या बागांतून द्राक्षाचे क्रेट शेडवर पोचवले. बेदाण्याचे दिवस म्हणजे गाडी थांबवायची सोय नसते. माल तोडला की वेळेत डिपिंग होऊन, म्हणजे द्रावणात बुडवून, जाळीवर पसरला पाहिजे, वरून अवकाळीची धास्ती. रात्री-अपरात्री फोन आला तरी दादा निघायचा. हंगाम सरला आणि भाड्याचे पैसे मागायला गेला, तर समोरच्या माणसाने पैसे दिले नाहीतच, वर चार लोकांत विचारलं, ‘तू कोण रे? तुझा बाप कोण? गाडीवाले पैशाला पासरी मिळतात.’ आमचे वडील जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

दादा घरी आला तो काही बोललाच नाही. त्याचे मित्र जमले, गाडीत काठ्या पडल्या. वहिनीने तुम्हाला फोन केला आणि तुम्ही मिरजेहून रिक्षाने आलात, हातात जेवणाचा डबा घेऊन.

बायबलमधल्या शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातला पंचविसावा अध्याय मी लहानपणापासून ऐकत आलेय. पण त्यात काय आहे ते मला त्या दिवसानंतर कळलं. नाबाल मोठा धनवान, ३००० मेंढरं आणि १००० शेरडं. दावीद तेव्हा शौल राजापासून जीव वाचवत रानात राहत होता. त्याच्या माणसांनी रात्रंदिवस नाबालाचे कळप राखले. लोकर कातरायच्या सणाला त्यांनी थोडं अन्न मागितलं, तर नाबाल म्हणतो, दावीद कोण? इशायाचा मुलगा कोण? (इशाय म्हणजे दावीदाचा बाप.) धन्याला सोडून पळालेले चाकर हल्ली पुष्कळ झालेत. वाचताना अंगावर काटा आला. आमच्या दादाला ऐकवलेलं तेच, जवळजवळ शब्दाला शब्द. दावीदाने तलवारी बांधायला सांगितल्या आणि ४०० माणसं घेऊन तो निघाला. सकाळपर्यंत नाबालाच्या घरचा एकही पुरुष जिवंत ठेवायचा नाही, असं म्हणत.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावते ती त्याच्या आधीच्या अध्यायातली गोष्ट. याच दावीदाने गुहेत हाती सापडलेल्या शौलाला सोडून दिलं होतं. जो राजा जिवावर उठलेला, त्याच्या झग्याचा फक्त काठ कापला, आणि त्याचंही मनाला लागलं. तोच माणूस एका श्रीमंताच्या टोमण्याने पेटला. मोठा वैरी माफ करणाऱ्यालाही चारचौघांतला अपमान सोसत नाही. म्हणून ‘दादा मुळातच तापट आहे’ असं जे बोललं गेलं ते मला पटत नाही. तो तसा नाही, आणि तुम्हालाही ते माहीत होतं.

नाबालाची बायको अबीगईल. तिने नवऱ्याला न सांगता गाढवांवर अन्न लादलं आणि ती वाटेतच दावीदाला गाठायला निघाली. २०० भाकरी, द्राक्षारसाचे बुधले, रांधलेली मेंढरं, हुरडा, अंजिराच्या ढेपा आणि मनुकांचे १०० घड. (आमच्या भागात हा अध्याय वाचताना मनुकांवर नजर अडखळणारच.) तिने ‘तुझा राग खोटा आहे’ असं एकदाही म्हटलं नाही. नवरा कसा आहे ते तिने सरळ मान्य केलं, आणि दोष मात्र स्वतःवर घेतला. मग दावीदाला त्याचा उद्याचा दिवस दाखवला: देव तुला राजा करील तेव्हा विनाकारण रक्त सांडल्याची बोच तुझ्या मनाला नसावी. तुझ्या शत्रूंचे प्राण देव गोफणीतल्या दगडासारखे भिरकावून देईल, असंही ती म्हणाली. गोफण म्हटल्यावर त्याला, पोरवयात गोफणीच्याच दगडाने पाडलेला धिप्पाड गल्याथ आठवला नसेल का? तू कोण, या प्रश्नाचं उत्तर तिने एवढ्या एका शब्दात त्याला परत दिलं, असं मला वाटतं.

आता तुम्ही काय केलंत ते सांगते. दादाला वाटलं होतं तुम्ही बायबलमधलं वचन ऐकवाल. त्याने मान फिरवली होती. तुम्ही म्हणालात, “तो बोलला ते वाईटच बोलला. तुझा बाप कोण होता ते मला माहीत आहे.” मग वहिनीला ताटं घ्यायला सांगितलीत, सगळ्या पोरांना पुरतील एवढी. “आधी जेवा. मग जायचं तर जा, मी पण येते गाडीत.”

ती पोरं जेवायला बसली, तेव्हाच निम्मं काम झालं होतं. जेवता जेवता तुम्ही २०१९ च्या महापुराचं काढलंत. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, आणि याच गाडीतून दादाने कोणाकोणाची म्हातारी माणसं, गादी-भांड्यांसकट, कोरड्या जागी नेली होती, कुणाची जात-पात न विचारता. “त्याच गाडीत आज काठ्या घालून निघालास,” इतकंच म्हणालात आणि त्याच्या ताटात भाजी वाढलीत. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलमध्ये बांधाच्या भांडणातून आलेली डोकी तुम्ही वर्षानुवर्षं धुतलीत. त्या रात्रपाळ्यांचं दोन वाक्यांत सांगितलंत, तेही आवाज न चढवता.

दादाने काठ्या स्वतः उतरवल्या. त्याचेही आभार मी इथे मानते. अबीगईलीचं ऐकणारा दावीद होता म्हणून ते घर वाचलं. ऐकून घेण्यालाही मोठेपणा लागतो. बायबलमधल्या आपल्या पत्रात याकोब लिहितो ना, ऐकायला तत्पर, बोलायला धीमा, रागाला मंद.

पण तुम्ही तिथे थांबला नाहीत, आणि याचं मला सर्वांत जास्त मोल आहे. ‘माफ कर आणि सोडून दे’ असं सांगून तुम्ही निघून गेला नाहीत. सूड घेणं देवाचं काम, असं प्रेषित पौल रोमकरांना पत्रात लिहितो. मात्र घामाचे पैसे मागू नका, असं तो म्हणत नाही. उलट मजुरी अडवणाऱ्या धनवानांना याकोबाने फार कडक सुनावलंय. दुसऱ्या दिवशी तुम्ही दादाजवळ बसून वहीत खेपा, क्रेट आणि तारखा लिहून घेतल्या. गावातल्या दोन जाणत्या माणसांना मध्ये घातलंत. नाहीच जमलं तर वकिलाची नोटीस द्यायची, पैशाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, हेही चौकशी करून सांगितलंत. निम्मे पैसे आले आहेत. बाकीचे अजून यायचेत, आणि कधीमधी दादाचा जबडा आवळतो तो मला दिसतो. तेव्हा तो तुम्हाला फोन लावतो.

आपल्याकडे रागावरची सगळी शिकवण रागावलेल्या माणसालाच दिली जाते. राग आवर, जीभ सांभाळ. त्याच्याकडे वाटेत जाऊन उभं राहायचं काम कोणाचं, हे फारसं कोणी बोलत नाही. दावीदाने देवाचे आभार मानले ते, तू मला भेटायला आलीस, म्हणून. वहिनीचा फोन आला तेव्हा ‘मी म्हातारी काय करणार’ असं म्हणायला तुम्हाला सहज जागा होती. तुम्ही डबा भरायला घेतलात.

पुढच्या महिन्यात आपल्या तरुण संघाची सभा आहे. दादाने तुमचं नाव सुचवलंय, अबीगईलीवर बोलण्यासाठी. तुम्ही नाही म्हणाल हे ठाऊक आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते: गाडी सकाळी नऊला तुमच्या दारात येईल.

तुमची,
दादाची धाकटी बहीण
सांगली