जिमचे पैसे भरायच्या आधी

चि. अभि,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू "ठेवतो बाबा" म्हणालास आणि खरंच ठेवलास. आई म्हणतेय परत फोन करू नका, परत तेच बोलाल, परत तो चिडेल, त्यापेक्षा काय ते लिहून पाठवा, वाचेल तरी. म्हणून मोबाईलवर टाईप करतोय, एका बोटाने, ऱ्हस्वदीर्घ बघत बसू नकोस. आणि त्या टेस्टचा, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून हार्ट तपासतात त्या टीएमटीचा, विषय काढायचा नाही असं तुझ्या आईने माझ्याकडून वदवून घेतलंय. तू विचारलं होतंस ते एवढंच की जिम लावू का बाहेर पळायला जाऊ, वजन कशाने लवकर उतरेल. तेवढ्याचंच उत्तर देतो.

30 तारखेपर्यंत ऑफर आहे म्हणालास ना, वर्षाचे एकदम भरले तर दोन महिने फ्री. अरे 1 तारखेला दुसरी ऑफर येते त्यांची. घाई करू नकोस. तुमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये दोन ट्रेडमिल आणि एक सायकल धूळ खात पडलीय, मी बघितलीय, ओजस त्या सायकलवर बसून भूर्र करत होता.

आता हिशोब. जन्म कॅश काउंटरवर गेला, मला आकड्यांशिवाय पटत नाही. पळताना माणूस एका किलोमीटरला वजनाच्या दर किलोमागे साधारण एक कॅलरी जाळतो. तुझं वजन 97, म्हणजे 5 किलोमीटरला 480 च्या आसपास. जोरात पळ नाहीतर रमतगमत पळ, किलोमीटरमागचा आकडा फार हलत नाही, वेळ तेवढा कमीजास्त लागतो. आणि अंगावरची एक किलो चरबी म्हणजे 7,700 कॅलरी. भाग देऊन बघ, 16 वेळा 5-5 किलोमीटर पळालास की एक किलो, तेही खाणं एका घासाने वाढलं नाही तर, आणि पळून आल्यावर भूक अशी लागते की काय सांगू. एक वडापाव साधारण 300 कॅलरीचा. तेव्हा रस्त्यावर पळ नाहीतर पट्ट्यावर पळ, रात्री 11 वाजता ते डिलिव्हरीचं पोरगं बेल वाजवतंय तोवर तुझी कॅश टॅली व्हायची नाही. स्वातीला विचारलं मी, आठवड्यातून किती वेळा मागवता, ती नुसती हसली.

मशीनवर जो कॅलरीचा आकडा झळकतो त्यावर जाऊ नकोस. तो अंदाज असतो, वय-वजन न टाकता बटण दाबलं तर भलत्याच कुणाचा तरी अंदाज. ते क्रॉस ट्रेनर, उभं राहून पायाने पॅडल फिरवायचं मशीन, तर सढळ हाताने कॅलऱ्या वाटतं. ट्रेडमिलवर समोरून वारा लागत नाही, म्हणून चढ 1 टक्का ठेवायचा म्हणजे बाहेर सपाट रस्त्यावर पळण्याच्या बरोबरीला येतं. आणि पुढचा दांडा धरायचा नाही, धरला की वजन दांड्यावर जातं, पाय नुसते हलतात आणि आकडा मात्र पूर्ण दिसतो. हे मला कसं माहीत तर माझ्या वेळी ती टेक्निशियन मुलगी सारखी म्हणत होती, "काका लटकू नका, हात सैल सोडा."

आलाच बघ विषय. मी काढला नाही, आला. ट्रेडमिल म्हटलं की मला तीच आठवते, दुसऱ्या कुठल्यावर मी चढलोय कुठे. छातीवरचे केस जागजागी भादरले, चिकटपट्ट्या लावल्या, वायरी लोंबतायत, उघडं अंग आणि खाली तुझ्या आईने घाईत आणून दिलेले तुझे जुने कॉलेजचे बूट, एक नंबर मोठे. पहिली 3 मिनिटं पट्टा अगदी हळू, ताशी 2.7 किलोमीटर, मी मनात म्हटलं ह्यात काय एवढं, पण चढ आधीच 10 टक्के लावलेला असतो. मग दर 3 मिनिटांनी स्पीडही वाढतो आणि चढही. दुसऱ्या टप्प्यात डॉक्टर पडद्याकडे बघायचे थांबले आणि माझ्याकडे बघायला लागले. मला छातीत काही दुखत नव्हतं रे. तेव्हाही नाही आणि त्याच्या आधीही नाही. अजिंक्यतारा चढताना खालचा जबडा जड व्हायचा, उभं राहिलं की थांबायचा, मला वाटलं दाढ. डेंटिस्टकडे गेलो तर त्या माणसाने दाढा ठोकून बघितल्या आणि म्हणाला दात ठणठणीत आहेत, तुम्ही आजच्या आज ईसीजी काढून घ्या. तो दुसरा कुणी असता तर दाढ उपटून दिली असती.

मी 53 चा होतो तेव्हा.

तू म्हणालास "बाबा मी 36 चा आहे, पेशंट नाही." मान्य. टीएमटी नॉर्मल येऊनही पुढे लोकांना झालंय असंही म्हणालास, तेही खरं आहे, पूर्ण खात्री कुठलीच टेस्ट देत नाही, माझे डॉक्टरही हेच सांगतात. पण कंपनीच्या चेकअपला तुझं बीपी 150/96 आलंय, ते मला तुझ्याकडून नाही, स्वातीकडून कळलं. बसून काम, पोट पुढे, झोप पाच तास. आणि डॉक्टरच्या फॉर्मवर विचारतात ना, वडिलांना 55 च्या आत हार्टचा त्रास होता का, तर तो रकाना मी आहे. मी म्हणत नाही टीएमटीच कर, डॉक्टरला ठरवू दे, ईसीजी, शुगर, कोलेस्टेरॉल, पुढचं त्यांना वाटलं तर. अर्ध्या दिवसाचं काम. ओजसच्या शाळेच्या गॅदरिंगला सुट्टी काढतोस ना, मग? तुम्हा पोरांना गाडी सर्व्हिसिंगला टाकायची तारीख पाठ असते आणि

बरं, थांबतो. आई मागे उभी राहून वाचतेय आणि तिने आत्ता माझ्या खांद्यावर टपली मारली. भाषण झालं, सॉरी. जिमचं बोलतो.

तुझ्या गुडघ्यांचं सांगायचं राहिलं. पळताना प्रत्येक पावलाला वजनाच्या दोन-तीन पट भार येतो, म्हणजे तुझ्या बाबतीत दोनशे किलोच्या वर, एका पायावर, दर पावलाला. 70 किलोचा माणूस बाणेर रोडच्या सिमेंटवर पळतो ते बघून तू पळू नकोस. सायकलवर वजन सीट घेते, क्रॉस ट्रेनरवर पाय उचललाच जात नाही त्यामुळे आदळत नाही, आणि ट्रेडमिलवर चढ 5-6 टक्के लावून ताशी 5 ने नुसता चाललास तरी घाम निघतो, गुडघ्याला कळतही नाही. सुरुवातीला मशीन बरं असं मी म्हणतोय, आणि मी म्हणतोय म्हणजे बघ, मला त्या बंद खोलीत आरशासमोर पळणारी माणसं बघून अजून हसू येतं.

मन माझं बाहेरच आहे. सकाळी इथे साताऱ्यात टेकडीवरच्या 'चार भिंती'ला गेलो की खाली अख्खं गाव दिसतं, कोण आजारी, कुणाच्या पोरीचं ठरलं, सगळं चढता चढता कळतं, त्या खोलीत काय कळणार, सगळे कानात ते घालून. आणि बाहेर रस्ता कधी वर कधी खाली, कधी खड्डा, शरीर आपोआप सांभाळायला शिकतं. पण पुण्यात थंडीत सकाळी धूर खालीच बसलेला असतो, तुमच्याकडे तर सगळीकडे बांधकामं, त्या सिमेंटच्या गाड्यांच्या मागे पळून छातीत धूळ भरून घ्यायची म्हणजे काय व्यायाम झाला. पळायचंच तर बाणेर-पाषाणच्या टेकडीवर जा, पायाखाली माती, वर झाडं. बालेवाडीचं स्टेडियम 1994 च्या नॅशनल गेम्ससाठी बांधलं तेव्हा मी तिथे ऑफिसच्या लोकांबरोबर बघायला आलो होतो, काय तो ट्रॅक, तिथे बाहेरच्यांना कधी सोडतात का ते विचारून बघ. कुत्री असतात पहाटे, एकटा जाऊ नकोस. फोन खिशात ठेव. एकटा म्हणजे, कुणी बरोबर असलं की काही झालं तर, जाऊ दे, टपली बसेल.

तुला पळायला येत नाही असं मी कधी म्हटलेलं नाही. तू सहावीत होतास, मी चष्मा घरी विसरलो होतो, कॅशियर आणि चष्म्याशिवाय, काय नोटा मोजणार, आणि कोरेगावची गाडी स्टँडमधून बाहेर पडतेय तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडतंय. कंडक्टरने घंटी मारली. बघतो तर तू, शाळेचा शर्ट बाहेर, एका पायात चप्पल, दुसरी हातात, चष्म्याची डबी दुसऱ्या हातात. राजवाड्यापासून पळत आला होतास. खिडकीतून डबी दिलीस आणि एक शब्द बोलला नाहीस, दम लागला होता म्हणून की रागावला होतास म्हणून ते मला अजून माहीत नाही. मला त्या दिवशी दुपारपर्यंत काउंटरवर बसून नुसतं सांगावंसं वाटत होतं लोकांना. एकदोघांना सांगितलंही. शाहू स्टेडियमवरच्या चारशे मीटरचं मात्र काढत नाही, सातवा आलास तर एवढं रडायचं काय होतं, आठ जण होते.

आणि ती ललिता बाबर, आपल्या माण तालुक्यातल्या मोहीची, 2016 ला रिओ ऑलिंपिकला स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांवरून उड्या मारत पळायच्या शर्यतीच्या, फायनलला पोचली, पी. टी. उषानंतर ट्रॅकवर एकटीच्या शर्यतीत फायनल गाठणारी पहिली भारतीय बाई, 32 वर्षांनी, तेव्हा रात्री मला तूच फोन करून टीव्ही लावायला लावला होतास. दहावी आली. दुष्काळी भागातली पोर, माळरानावर पळून पळून तिथवर गेली. तिचं आणि तुझं वजन वेगळं एवढंच लक्षात ठेव.

तर माझं म्हणणं असं. सोमवार ते शुक्रवार सोसायटीच्याच ट्रेडमिलवर अर्धा तास, चढावर चाल. बोअर झालं की सायकल. आठवड्याला दीडशे मिनिटं भरली की पुष्कळ. शनिवार-रविवार टेकडी, आधी चालत. महिना दीड महिना गेला आणि गुडघा कुरकुरला नाही की 1 मिनिट पळ, 2 मिनिटं चाल, असं करत वाढव. वेग किती असावा ते घड्याळात बघू नकोस, सतराचा पाढा न अडखळता म्हणता आला पाहिजे, सतरा सत्ते एकशे एकोणीसला अडकलास की वेग जास्त झाला समज. लहानपणी पण तिथेच अडकायचास. ट्रेडमिलची ती लाल क्लिप शर्टाला लावत जा, पडलास तर पट्टा तीच थांबवते, शोभेला नसते. आणि संपलं की टुणकन उडी मारून उतरायचं नाही, पट्टा हळू करून पाच मिनिटं चालायचं, एकदम थांबलं की रक्त पायात राहतं आणि डोळ्यापुढे अंधारी येते. जबडा, डावा हात, पाठीत मध्यभागी, कुठेही वेगळं वाटलं तर त्याच क्षणी थांब, "अजून 2 मिनिटं" करू नकोस. वजन किलोभर उतरलं की बीपी साधारण एका पॉइंटने उतरतं म्हणतात, तेव्हा पाच-सात किलोचं धर आधी, एकदम 20 चं नको.

सातारा हिल मॅरेथॉनचं पुढच्या वर्षी बघू म्हणालास ते मी कट्ट्यावर सांगूनही टाकलंय, त्यामुळे आता माघार नाही. यवतेश्वरचा घाट चढायचा, पावसात, पहिला अर्धा रस्ता नुसता चढ, नंतर उतार, आणि गुडघे फुटतात ते उतारावर हे नवख्याला कुणी सांगत नाही. मी घाटाच्या पहिल्या वळणावर छत्री घेऊन उभा राहीन. तू तिथवर चालत आलास तरी मला चालेल. फॉर्म भरताना डॉक्टरची सही लागली तर, म्हणजे मी काही म्हणत नाही, पण सही करायला तो काहीतरी तपासेलच ना.

शनिवारी पाटलांचा राहुल गाडी घेऊन पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर पिशवी पाठवतोय. नाचणीचं पीठ आहे, कुळीथ आहेत, आईने मेतकूट केलंय. कंदी पेढे ओजसचे, तुझे नाहीत, मोजून पाठवलेत आणि स्वातीला आकडा सांगितलाय. तळाला हिरव्या रबरात बांधलेली माझी फाईल आहे, टीएमटीचे कागद, अँजिओग्राफीची सीडी, सगळं तारखेप्रमाणे. कुठे दाखवायला लागली तर असू दे तुझ्याकडे. नाही दाखवलीस तरी हरवू नकोस, ओरिजिनल आहे, झेरॉक्स काढून परत पाठव. आणि दिवाळीचे दोन स्टीलचे डबे तुमच्याकडेच राहिलेत, झाकणासकट, ते राहुलकडेच दे.

तुझे,
बाबा